दुसरीच्या वर्गात एक तास

राजेश्रीला शाळेकडून एकच गोष्ट हवी होती. दुसरीच्या वर्गात मागच्या सतरंजीवर बसून तासभर बघायचं, पोरांना वाचता येतं की नाही. तिची मुलगी अपेक्षा जूनमध्ये पहिलीत जाणार होती. सरकारी प्राथमिक शाळा गल्लीच्या टोकालाच होती. दुसरी शाळा इंग्रजी, परभणीच्या पार बाहेर, जिची पिवळी व्हॅन रोज सकाळी कॉलनीत हॉर्न वाजवत फिरायची. तिथल्या प्रवेशाचा शेवटचा दिवस शनिवार होता.

नवऱ्याचा, परमेश्वरचा निर्णय झालेला होता. त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांची पोरं व्हॅनमधून जात होती.

"गल्लीतल्या शाळंत पोरं सांभाळतेत, शिकवत न्हाईत," तो म्हणाला.

"तुमाला कोण सांगितलं?"

"सगळेच म्हणायलेत."

"त्यातलं आत जाऊन कोण आलंय? तुमी तरी मोटार उघडल्याशिवाय दुरुस्तीचं सांगता का?"

परमेश्वरनं जेवणाचं ताट पुढं ओढलं. "बरं. उघडून ये. पण शनिवारच्या आत."

कॉलनीत त्या शाळेबद्दल प्रत्येकाला मत होतं. ज्यांची पोरं तिथं जात होती, त्यांना मात्र कुणी विचारत नव्हतं. राजेश्रीनं शेजारच्या संघप्रियाला विचारलं होतं. ती त्याच शाळेत चौथीत होती आणि पेपरातली बातमी न अडखळता वाचायची. पण तिची आई अंगणवाडीताई. पोरगी घरीच शिकली असंल, असं परमेश्वरचं म्हणणं. ते खोडून काढायला राजेश्रीकडे काही नव्हतं.

सोमवारी ती शाळेत गेली. एप्रिलमुळे शाळा सकाळची होती आणि ती काम करायची ती पॅथॉलॉजी लॅब दहाला उघडायची. मुख्याध्यापक महारुद्र कऱ्हाळे फाटकाशीच भेटले. पहिलीसाठी आई स्वतः चालत आलेली बघून त्यांचा चेहरा उजळला.

"या ताई, या. बसा. चहा सांगतो."

"चहा नको सर. मला दुसरीच्या वर्गात थोडा वेळ बसू द्या."

"बसा की. शाळा तुमचीच हाय. पण आधी रीतीप्रमाणं होऊ द्या."

रीत म्हणजे सत्कार. पाहुणा आला की या शाळेत सत्कार व्हायचा. मग तो केंद्रप्रमुख असो, नगरसेवक असो, नाहीतर पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस. तिसरी-चौथीच्या पोरांना व्हरांड्यात बसवलं गेलं. दोन मुलींनी स्वागतगीत म्हटलं. राजेश्रीच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मुख्याध्यापकांनी शाळेच्या प्रगतीबद्दल भाषण केलं आणि त्यात तिचा उल्लेख "जागरूक माता" असा तीनदा केला. फोटो झाल्यावर शाल घडी होऊन परत कपाटात गेली. तेवढ्यात खिचडी आली, पोरं ताटल्या घेऊन पळाली, आणि राजेश्रीला लॅबची वेळ झाली.

"उद्या या ताई," मुख्याध्यापक म्हणाले. "उद्या निवांत वर्गात बसा."

संध्याकाळी परमेश्वरनं नारळ बघितला. "पोरांनी वाचलं का?"

"उद्या."

"मग चटणी तरी कर."

मंगळवारी तिला खरंच वर्गात नेलं. दुसरीच्या बाई शुभदा गिराम तिशीच्या आसपासच्या होत्या. त्या फळ्याजवळ उभ्या राहिल्या, पण बोलत होते मुख्याध्यापकच.

"हं, तू वाच रे. मोठ्यानं."

एक पोरगा उठला आणि त्यानं पानभर वाचलं. मग दुसरा. तोही तसाच. राजेश्रीच्या खांद्यावरचं ओझं जरा हलकं झालं. मग मुख्याध्यापकांनी खिडकीजवळच्या मुलीकडे बोट केलं, आणि ती मुलगी उठेना. मान खाली घालून फ्रॉकचं टोक पिळत बसली.

"संघप्रिया?" राजेश्री म्हणाली. "तू इथं काय करायलीस?"

"सरांनी बसायला सांगितलं, काकू."

"पण तू चौथीत ना?"

"हो. हे दोघं बी चौथीतच हायत."

मागं कुणीतरी खिदळलं. शुभदा मॅडम फळ्याकडे वळून पुसलेलाच फळा पुसू लागल्या.

मुख्याध्यापक राजेश्रीला बाहेर घेऊन आले. त्यांना राग आला नव्हता, लाजही फार वाटलेली दिसत नव्हती. व्यवहारातली अडचण समजावून सांगावी तसं ते बोलले.

"ताई, लहान लेकरं पाहुणा बघून गांगरतात. एखादं अडखळलं की तुमी म्हणणार, शाळा बेकार. म्हणून जरा मोठी पोरं मधी बसवतो. वरचे साहेब आले तरी तसंच करतो. आजपर्यंत कुणी काही बोललं न्हाई."

"मला अडखळणारीच बघायची होती सर."

"तसं कोण बघायला येतं?" ते म्हणाले, आणि त्यांना खरंच तो प्रश्न पडला होता.

संध्याकाळी राजेश्री घरी आली ती धुसफुसतच. परमेश्वरला सांगितल्यावर तो पोट धरून हसला. "मोटार उघडली तर आत दुसऱ्याच मोटारीचं सामान निघालं म्हण की." तिचा राग शाळा वाईट असण्यावर नव्हता. शाळा वाईट असती तर गोष्ट मिटली असती. दोन सकाळी घालवून तिला ती चांगली की वाईट एवढंही कळलं नव्हतं.

बुधवारी ती गेली तेव्हा मुख्याध्यापक आणि दुसरे सर मतदार यादीच्या प्रशिक्षणाला गेलेले. चारही वर्ग शुभदा मॅडम एकट्या सांभाळत होत्या आणि वरून कसलीतरी माहिती मोबाइलवर भरत होत्या. पोरं पाट्यांवर पाढे काढत बसली होती.

"आज वाचन न्हाई होणार," त्या वर न बघता म्हणाल्या. मग मोबाइल खाली ठेवला. "काल जे झालं ते माझ्या मनाला लागलंय, ताई. माझी पोरं वाचतात. सगळी न्हाई, पण बरीच. सरांना ते खरं वाटत न्हाई. ते कधी ऐकतच न्हाईत."

"मग ऐकवा मला."

"शुक्रवारी या. खिचडीच्या आधी. फाटकातून नका, मागच्या हौदाकडून या. सर परिपाठानंतर ऑफिसात असतात."

लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करताना राजेश्रीच्या मनात आलं, की स्वतःच्या गल्लीतली शाळा बघायला चोरासारखं हौदाकडून जावं लागतंय. तिनं एका पेशंटचं नाव दोनदा चुकवलं.

शुक्रवारी ती हौदाकडून आत गेली आणि मागच्या सतरंजीवर बसली. पोरांनी वळून बघितलं, मग पुन्हा पुस्तकात बघितलं. शुभदा मॅडमनी आज शिकवायचं तेच शिकवलं. एक पोरगं भराभर वाचून गेलं. दोघांना अक्षरं जुळवता येईनात. मॅडम त्यांच्याजवळ खाली बसल्या. मग एक बारकी पोरगी उठली. "विहिरीच्या" म्हणाली आणि थांबली. पुढचा शब्द होता "कठड्यावर". तिनं बोट ठेवलं, ओठ हलवले, "कड" म्हणाली, मान हलवली, पुन्हा पहिल्या अक्षरावर आली, आणि सावकाश "क-ठ-ड्या-वर" म्हणाली. मग कुणी न सांगता पूर्ण ओळ पहिल्यापासून वाचली.

राजेश्रीला हेच बघायचं होतं. सोमवारपासून ती एवढ्यासाठीच येत होती.

खिचडीची घंटा झाल्यावर ती मॅडमजवळ गेली. "मी अपेक्षाचं नाव घालते इथं. दुसरीला तुमच्याकडेच येईल ना ती?"

शुभदा मॅडमनी हातातलं पुस्तक मिटलं.

"तुमच्यापासून लपवून काय करू. यंदा पट घटलाय. चौथीची पोरं जातील, पहिलीला तेवढी येईनात. पट खाली आला की शिक्षकाची एक जागा जाते. इथं सगळ्यात नवीन मीच. जिथं पाठवतील तिथं जायचं. पाथरी म्हणा, राणीसावरगाव म्हणा."

"हे कधी कळंल?"

"शाळा सुरू झाल्यावर. दिवाळीपर्यंत बी लांबतं."

"म्हणजे मी आज काय बघितलं मग?"

"आज जे हाय ते बघितलं," शुभदा मॅडम म्हणाल्या आणि पोरांच्या रांगेकडे गेल्या.

शनिवारी परमेश्वरनं दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. दोघं अपेक्षाला घेऊन इंग्रजी शाळेत गेले. भिंती गुळगुळीत, फरशी चकचकीत, काउंटरमागे गळ्यात पट्टा घातलेली मुलगी. तिनं फॉर्म पुढं सरकवला.

"आधी मला दुसरीच्या वर्गात थोडं बसू द्याल?" राजेश्रीनं विचारलं.

"पॅरेंट्सना वर्गात परवानगी नाही."

"बाहेरून, खिडकीतून?"

"कॅम्पस बघू शकता मॅडम. स्विमिंग पूलचं काम चालू आहे."

परमेश्वर पूल बघायला दोन पावलं गेलाही. राजेश्री जागची हलली नाही. "इथल्या दुसरीच्या बाई किती वर्षांपासून आहेत?"

"ते नाही सांगता येणार. स्टाफ दरवर्षी बदलतो."

राजेश्रीनं फॉर्म परत सरकवला आणि अपेक्षाचा हात धरून बाहेर पडली. परमेश्वर मागून आला. त्यानं गाडी सुरू केली.

"पाणी सोडलं नव्हतं अजून त्या पूलमधी," तो म्हणाला. गाडी कॉलनीच्या वळणाला लागल्यावर त्यानं विचारलं, "आता तिकडंच न्यायची का?"

"हो."

"अन् त्या मॅडमच गेल्या तर?"

"तर भांडीन मी."

"कुणाशी?"

त्यानं चिडवायला विचारलं नव्हतं. राजेश्रीनं विचार करून बघितला. मुख्याध्यापकांशी भांडून उपयोग नव्हता. जागा त्यांच्या हातात नव्हती. जागा ज्यांच्या हातात होती, त्यांचं ऑफिस कुठं आहे हेही तिला माहीत नव्हतं. आणि पट घटला होता तो या कॉलनीतूनच, त्या पिवळ्या व्हॅनमधूनच.

"माहीत न्हाई," ती म्हणाली. "थांबवा गाडी इथं."

गाडी शाळेच्या फाटकाशी थांबली. तिनं पिशवीतून अपेक्षाचा जन्मदाखला काढला, पोरीला खाली उतरवलं, आणि दोघी आत गेल्या. परमेश्वरनं गाडी बंद केली नाही. थोडा वेळ तशीच सुरू ठेवली, मग किल्ली फिरवली आणि तोही उतरला.