मर्यादवेल

"राहीबाईच्या सुनंचं पाय लय सुजल्यात. घरी गेल्या गेल्या काढा पाजते म्हणत हुती," तिच्या वस्तीवरचा गुंडा नावाचा गडी म्हणाला आणि आकारामचा खलातला हात थांबला.

सांगलीच्या पेठेतल्या त्या औषधी पाल्याच्या दुकानात तो अडुसष्ट सालापासून, म्हणजे सव्वीस वर्षं कुटत होता. सकाळी राहीबाईने सुजेवर औषध मागितलं तेव्हा तिच्याच पायांकडे बघून त्याने वाळलेल्या मर्यादवेलीची पुडी बांधली. ती शेकायला असते, पोटात गेली तर जुलाबाने माणूस गळून जातो, हे सांगायचं राहिलं.

"सून पोटुशी हाय? कितवा महिना?"

"सातवा. राहीबाई दुपारच्या गाडीनं गेली बघा."

वस्तीवर फोन नव्हता. आकाराम मालकांपाशी गेला.

"एवढ्याशा पाल्यानं काय हुतंय?" जवाहरशेठ म्हणाले. "तू गेलास तर चूक आपली ठरंल."

"आपलीच हाय, शेठ."

"मग उद्यापासनं येऊ नकोस."

कवठे महांकाळच्या एसटीत जागा असूनही तो उभा राहिला. मिरजेला गाडी दहा मिनिटं थांबली, तेव्हा तो दारात उभा राहून कंडक्टरला हाका मारत राहिला. पुढच्या माळावर कुठेही चार माणसं एकत्र दिसली की तो खिडकीशी वाकून बघे. फाट्यावर उतरून तो पळत सुटला.

राहीबाईच्या दारात कुणीच नव्हतं. आत सून, उमा, भिंतीला टेकून बसली होती. पेला तिच्या ओठांशी होता. आकारामने धावत जाऊन पेला हिसकावला.

"किती प्यालीस, पोरी?"

"एक घोट. लय कडू हाय."

"मी सांगितलं न्हाई," तो चुलीपाशी बसलेल्या राहीबाईला म्हणाला. "ह्यो प्यायचा न्हवं. चूक माझी."

राहीबाईने उरलेला काढा परसात ओतून दिला. तो अंगणात बसून राहिला. उमा उठली की तोही उठायचा. दिवस कलला तशी ती उंबऱ्यात आली.

"पोर लाथा मारतंय," ती म्हणाली. "कुठं उगवतो हो ह्यो वेल?"

"समुद्राकडं, वाळूत. जांभळी फुलं येत्यात म्हणं."

"तुमी बघितली न्हाई?"

"न्हाई. वाळून पोत्यात येतो, तेवढाच बघितला."

राहीबाईने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. आकाराम हात धुवायला उठला आणि बराच वेळ धूत राहिला.