बूच खाली राहिलेले पीप

मित्रांनो, मोठ्यांच्या पेयाच्या पिपाने तुम्हा मुलांशी बोलावे की नाही, याचा मी बराच विचार केला. अजूनही खात्री नाही. पण माझ्यात काय भरले होते ते सोडा. माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती तुम्हाला कळेल असे वाटते. मी ओकच्या लाकडाचे एक जुने पीप आहे.

माझा जन्म दक्षिण स्पेनमधला. उन्हापावसात वाळलेल्या फळ्या, मध्ये जाळ, बाहेरून पोलादी कडी. आच लागली की फळ्या नमतात. कुठे खिळा नाही, डिंक नाही. माझ्यात आधी शेरी नावाची गडद द्राक्षमदिरा मुरली. मग ती काढून घेतली आणि मला स्कॉटलंडमध्ये, स्पे नदीकाठच्या व्हिस्कीच्या भट्टीवर आणले. तिथे पाण्यासारखी नितळ व्हिस्की माझ्यात भरली. मातीच्या जमिनीच्या थंड गोदामात आम्ही दोघे बरीच वर्षे मुकाट्याने राहिलो. बाहेर आली तेव्हा ती मनुकांच्या पाकासारखी लालसर झाली होती. माल पारखणाऱ्या एल्स्पेतने पेल्यात नाक घातले आणि डोळे मिटले.

"हे पीप जपा रे," ती म्हणाली. "पुन्हा भरायचं याला."

पिपाला दुसरे काय हवे असते? रिकामे झाल्यावर पुन्हा भरले जावे, एवढेच. त्यांनी मला भरलेही. चूक झाली ती त्यानंतर.

भरलेले पीप आडवे लोटत रांगेत नेतात. जागेवर पोचल्यावर त्याच्या पोटावरचे बूच वर यायला हवे. म्हणून लोटण्याआधीच सुरुवातीला बूच कुठे ठेवायचे, याचा अंदाज बांधतात. गोदामात पिपे लावणाऱ्या मर्डोला ते उत्तम जमे. पण त्या दिवशी तो आपल्या मेव्हण्याच्या बुडालेल्या होडीची टवाळी करण्यात रमला होता.

"मर्डो, याचं बूच खाली गेलंय," त्याचा जोडीदार विली म्हणाला. तोवर माझ्यामागे आणखी पिपे लागली होती.

"मग लोटताना काय बघत होतास, माझं थोबाड?"

"सगळी मागे काढून परत लावू या."

"काढ तू. तुझ्या वाटचा चहा मी पितो."

"आणि गळलं तर?"

"घट्ट ठोकलंय. गळलं तर माझ्या नावानं गळू दे."

विली हसला. दोघे चहाला गेले.

गळले ते मात्र माझ्या नावाने. बुचाच्या कडेने थेंब झिरपू लागला. गोदाम बघायला पाहुणे येत. दरवर्षी थोडी व्हिस्की हवेत उडते, तो देवदूतांचा वाटा, असे त्यांना सांगत. पाहुणे खोल श्वास घेऊन वासाची वाहवा करत. देवदूतांचे मला माहीत नाही. माझ्याखालची माती मात्र चांगलीच पीत होती. मी काय करणार? लाकडाला कुरकुरता येते, बोलता येत नाही. कुरकुरलो की म्हणत, जुन्या गोदामात असे आवाज यायचेच.

काही वर्षांनंतर एल्स्पेतने मला मागवले. मला बाहेर काढले मर्डोनेच. ओली काळी माती त्याने पाहिली आणि बुटाने वर कोरडी ओढली. दारापर्यंत लोटत नेईतो बूच आपसूक वर आले होते.

एल्स्पेतने लांब नळी आत सोडली. ती खाली खाली जात राहिली.

"निम्म्याहून जास्त गेलंय."

पिपे दुरुस्त करणाऱ्या इनिसने माझ्यावरून हात फिरवला. "फळ्या बऱ्या दिसतात मला."

"मग माल गेला कुठे? तू प्यायलास?"

"मी प्यायलो असतो तर बायकोनं सगळ्या गावाला सांगितलं असतं."

ती हसली नाही. "मर्डो, तू लावलं होतंस ना हे? काही आठवतं?"

मर्डोने टोपी काढली, पुन्हा घातली. "जुनं लाकूड, बाई. वय झालं की गळायचंच."

माझा जळफळाट झाला. पण खरे सांगतो, क्षणभर मलाही वाटले, कदाचित मीच गळलो असेन. कुणी इतक्या खात्रीने बोलले की माझे असेच होते.

राहिलेली व्हिस्की दुसऱ्या पिपात गेली. माझ्यावर खडूची फुली आली. मला मधोमध कापले, दोन्ही अर्ध्यांत माती भरून फुलझाडे लावली आणि फाटकाशी ठेवले. पाऊस तिथे रोजचाच. थोड्याच दिवसांत झाडे सडली.

"पाणी निघतच नाही यातून," एल्स्पेत वैतागून म्हणाली. "एक थेंब नाही. मर्डो, तळाला भोकं पाड बरं."

मर्डोने मला आडवे केले, ड्रिलचे टोक तळाला टेकवले आणि थांबला. ती जवळच उभी होती. आता तरी हा सांगेल, असे मला वाटले.

"काय झालं?" तिने विचारले.

"काही नाही. लाकूड फार चांगलंय," तो म्हणाला, आणि त्याने भोके पाडली.

मित्रांनो, तुम्हाला शिकवण्याइतका मी शहाणा नाही. पण एखादी वस्तू बिघडली म्हणून टाकताना, आपण ती कशी ठेवली होती, हे आठवून पाहा. आणि आठवले, तर कुणी विचारल्यावर सांगून टाका. उशीर झाला असला तरी सांगा.

आता मी खरोखरच गळका आहे. नव्या झाडांना फुले छान आली आहेत.