चार गावांची मतं

आमच्या बौद्ध पंचांगाचं साल २५२६. बाहेरच्या जगाच्या हिशोबाने १९८३. त्या उन्हाळ्यात निवडणूक लागली, आणि माझा भाऊ खामपून नाहीसा होऊन इतकी वर्षं लोटल्यावर आईने अचानक त्याचा अंत्यविधी जाहीर केला.

खामपून बांबूचा बाजा फार गोड वाजवायचा. भातलावणीच्या दिवसांत बायका ओणव्या राहून कंटाळल्या की तो बांधावर बसून वाजवायचा, आणि आम्ही हसत हसत पुढची ओळ लावायचो. डोंगरातल्या बंडखोरांना भात पोचवतो, असा त्याच्यावर आळ आला. सैनिक शेतात आले आणि चिखलाच्या पायांनीच त्याला जीपमध्ये घालून घेऊन गेले.

छावणी गावाबाहेरच होती. तिचे प्रमुख कॅप्टन अदिरेक बँकॉकचे, गोरे, हळू बोलणारे. त्यांनी आम्हाला विहीर खणून दिली होती, तापाच्या गोळ्या वाटल्या होत्या. आई रोज फाटकाशी जायची. "असा कोणी इथे आणलाच नाही," एवढंच उत्तर मिळायचं.

पुढे बंड शमलं, छावणी उठली. कॅप्टनचे कर्नल झाले, आणि कर्नलनी वर्दी उतरवून पक्षाचं तिकीट घेतलं.

आमच्याकडे उमेदवार एकही मयत चुकवत नाही. येतो, शवपेटीवर भिक्षूंसाठी भगवं वस्त्र ठेवतो, मानाचा पाहुणा म्हणून पहिला अग्नी देतो. गावप्रमुख तोंगमी कर्नलचा प्रचार करत होता. आईने त्याच्याकडूनच आमंत्रण धाडलं. ती सुईण होती. चार गावांतली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, ती म्हणेल तिकडे मतं जायची. तिच्या घरी आलं नाही तर कसं चालेल? मयत कोणाचं, हे कर्नलनी विचारलंच नाही. रीतीप्रमाणे मृताची जीवनकथा वाचायला सुरुवात झाली तेव्हा त्यांना कळलं.

मी वस्त्राचं तबक घेऊन मागेच बसले होते. कर्नल पाठ ताठ करून बसले. आई त्यांच्या शेजारी सरकली.

"पेटी हलकी वाटली ना साहेब? खांदा तुमच्याच माणसांनी दिला."

"आई, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे."

"दुःख म्हातारं झालंय माझं. दात पडले त्याचे. पेटीत नुसता शर्ट आहे."

भिक्षूंचं पठण सुरू झालं. कर्नल समोर बघतच म्हणाले, "तो काळच वाईट होता. दोन्ही बाजूंनी माणसं मेली."

"बाजू मला विचारू नका. मी सुईण. डोकं कुठे आणि पाय कुठे, एवढंच मला कळतं. तुम्ही फक्त कुठे ते सांगा."

"मी तेव्हा रजेवर होतो."

"हे सभेत बोला. तिथे टाळ्या पडतील. तुमचा विरोधक काल येऊन गेला, साहेब. डुकराचं मांस आणलं होतं त्याने. मी अजून होय म्हटलं नाही."

कर्नलनी घाम पुसला. "आणि उद्या तुम्ही वर्तमानपत्रवाल्यांना घेऊन आलात म्हणजे?"

"मला तो जाळायचाय. छापायचा नाही."

त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी वस्त्र ठेवलं, भिक्षूने उचललं. मग अग्नी द्यायचं चंदनाच्या लाकडाचं फूल हातात घेऊन ते चितेपाशी उभे राहिले. फोटो काढणारा पुढे आला. आई त्यांच्या शेजारीच, हात जोडून, हसऱ्या चेहऱ्याने उभी होती. "रिकामी पेटी जाळायला मी तुम्हाला बोलावलं नाही," ती म्हणाली. "सगळी चार गावं बघतायत."

कर्नलचे ओठ जेमतेम हलले. "पाण्याच्या टाकीमागे. चिंचेच्या पश्चिमेला."

आईने त्यांच्या हातातून फूल काढून घेतलं आणि लोकांकडे वळली. "मुहूर्त टळला. पुन्हा बोलावीन, तेव्हा या. आता जेवून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या छावणीच्या जागी खणायला गेलो. माती भुसभुशीत होती. आधी एक कवटी लागली, मग दुसरी, मग तिसरी. हाडं एकमेकांत गुंतलेली होती. आई खड्ड्यात उतरून बराच वेळ बसली. एकेक हाड हातात घ्यायची, पुन्हा ठेवायची. "लहान असता तर ओळखला असता," ती शेवटी म्हणाली. आम्ही सगळ्यांना एकाच पेटीत ठेवून अग्नी दिला.

त्यानंतर ती घरोघर फिरायला लागली. मी उंबऱ्यात तिला आडवी आले.

"आई, त्याच्यासाठी मतं मागतेस? त्या माणसासाठी?"

"मत म्हणजे कागदावरची फुली. ठरलं होतं."

"ठरलं होतं म्हणे. बाजारात कोंबडी घेतलीस काय?"

"कोंबडी घेतली असती तर त्यातली माझी कुठली, एवढं तरी कळलं असतं," ती म्हणाली, आणि मला बाजूला सारून निघून गेली.

कर्नल आमच्या चार गावांच्या मतांवर निवडून आले.

पुढच्या निवडणुकीला शेजारच्या गावची एक बाई आईकडे आली. तिचाही मुलगा छावणीत नेला होता. आई तिला घेऊन कर्नलकडे गेली. त्यांनी एक जागा सांगितली. एकच. त्या गावाची मतं त्यांना मिळाली. त्याच्या पुढच्या वेळी आणखी एक गाव, आणखी एक जागा. सगळ्या एकदम सांगा म्हणून आईने हात जोडले, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "आई, पुढच्या वेळी मी काय करू?" बियाणं राखून ठेवावं तशा त्यांनी त्या जागा राखल्या होत्या.

कर्नल अदिरेक उपमंत्री झाले. दोनदा पक्ष बदलला. एका प्रचारसभेतून परतताना गाडीतच त्यांना झटका आला आणि ते गेले. उरलेल्या जागांचं आपल्याला काहीच माहीत नाही, असं त्यांच्या बायकोने हात जोडून सांगितलं, आणि ते खरं असावं. तोंगमी जिल्हा परिषदेवर गेला, दारूने गेला. आई त्याच्या पुढच्या वर्षी वारली. शेवटची काही वर्षं तिने बाळंतपणं करणं सोडलं होतं. मी विणकाम करून तीन मुलं वाढवली. आता डोळे अधू झालेत.

कर्नल गेले त्या निवडणुकीला मुलाची जागा विचारायची पाळी आणखी एका गावच्या सीदाबाईची होती. ती अजून आहे, नव्वदीला टेकलेली. तिच्या मुलाची पेटी तिने तेव्हाच करून घेतली होती. आता ती त्या पेटीत भात साठवते.