धावड्याची बांगडी

नात प्रगतीची सोयरीक जमली ते साल दोन हजार बावीस. पोळा नुकताच होऊन गेला होता आणि लग्न पुढच्या वैशाखातलं धरलं होतं.

दौलत तेव्हा वन समितीचा राखणदार होता. नार्नूरकडच्या त्या गावात सरकारचा नियम लोकांना समजावणं त्याच्याच गळ्यात पडलेलं. नियम सोपा होता. हिरव्या झाडाला हात लावायचा नाही, वाळलेलं लाकूड डोईवर मावेल तेवढं न्यायचं. विहाराच्या ओट्यावर बसून त्यानं हे इतक्यांदा सांगितलं होतं की त्याला पाहिलं की बायका आधीच म्हणत, "हो बाबा, वाळलेलंच."

आणि जंगलात वाळलेली झाडं वाढतच चालली होती. बायकांनी नियम मोडला नव्हता, नियमातूनच वाट काढली होती. चांगल्या झाडाची बुडाजवळची साल विळ्यानं गोल सोलायची आणि खूण दिसू नये म्हणून वर चिखल लिंपायचा. याला त्या बांगडी भरणं म्हणत. झाड उभ्या उभ्या वाळायचं, की झालं कायद्यातलं लाकूड.

जंगल खात्याच्या नव्या बाईंनी समितीला बजावलं होतं, आणखी एक ताजी बांगडी दिसली तर गावाला सरपणासाठी दिलेला जंगलाचा पट्टा बंद, मोळीसुद्धा मिळणार नाही. "गाव माझं ऐकते," असं दौलतनं सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशी ओढ्याकाठच्या धावड्याच्या झाडाखाली त्याला त्याची बायको रुक्माबाई दिसली. मांडीवर विळा, पायाशी सालीचा ढीग. दौलत तिच्या शेजारीच टेकला. रागावण्याएवढाही जोर अंगात उरला नव्हता.

"काऊन वं?"

"प्रगतीचं लगन हाये. एवढ्या मोठ्या पंगतीचं वरण का सिलिंडरवर शिजते?"

"हिरव्याले हात लावू नका म्हनून मीच बोंबलत फिरतो."

"म्या तोडलं कुठी? तुमीच म्हन्ता वाळलेलं न्या. मंग वाळू द्या ना."

दौलतला हसू आलं आणि ते तोंडातच विरलं. साल पुन्हा धरावी म्हणून त्यानं शेण-चिखल कालवून सोललेल्या जागी थापला, वरून तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. रुक्माबाई म्हणाली, "माह्या गुडघ्याले कधी असं बांधलं नाई."

पुढे तो रोज जाऊन पट्टी ओली करायचा. साल काही धरली नाही. पानं पिवळी पडू लागली तेव्हाच बाई पाहणीला आल्या. त्यांनी पट्टी सोडवली आणि हिंदीत विचारलं, हे कोणाचं काम? समितीचे अध्यक्ष रामाजी आभाळाकडे पाहू लागले. बायका पदर सावरत उभ्या राहिल्या. रुक्माबाई त्यांच्यातच होती.

"माझ्या घरचं," दौलत म्हणाला.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी दंड केला नाही, पण बोलल्याप्रमाणे पट्टा बंद केला. आतलं काहीच न्यायचं नाही, ओलं नाही, सुकं नाही. परतताना रामाजी म्हणाले, "चिखल लावून गप बसायचं होतं बाबा. बांगडी तुमच्या घरची आन् चुडा गावाचा फुटला."

ओट्यावर बसणं दौलतनं सोडलं. प्रगतीच्या लग्नाचा स्वयंपाक सिलिंडरवरच झाला आणि वरण खरंच कच्चं राहिलं. रुक्माबाईनं वाढताना त्याच्याकडे एकदा पाहिलं, तेवढंच. धावडा वरून वाळला. खालून फुटवे आले होते, ते शेळ्यांनी खाल्ले. पुढच्या साली रुक्माबाईनं अंथरूण धरलं.

ती गेली तेव्हा भुरभुर पाऊस होता आणि गावात कोरडं सरपण नव्हतं. मुलगा हर्षदीप कुऱ्हाड घेऊन निघाला.

"बाबा, धावडा खडखडीत वाळला हाये. तिचाच तर हाये तो. आज कोन अडवते?"

"मी अडवतो."

"आईसाठी बी?"

"पट्टा बंद हाये, बापू. उतनूरहून गाडी आन लाकडाची."

गाडीची वाट पाहत माणसं बसून राहिली. धावडा तिथून दिसत होता.

रुक्माबाई वारली दोन हजार चोवीस साली, अशोक विजयादशमीच्या आदल्या दिवशी.