वलीचा हात आणि हारुनसेठचे बोंबील

आमच्या दुबईत कुणी विमानात बसणार असं कळलं की त्या माणसाला कुणी विचारत नाही, सगळे त्याच्या बॅगेला विचारतात. सहासष्ट साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं मला बोलावणं आलं, तेव्हा परिषद कसली हे एकानंही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "किती किलो अलाउड आहे?"

परिषद ऑक्युपेशनल थेरपीची होती. मी मुंबईत ते शिकले आणि इथे खाडीकाठच्या एका छोट्या इस्पितळात तेच करत होते. अपघातानं किंवा आजारानं ज्याचे हातपाय गेले, त्याला पुन्हा जेवायला, बटण लावायला, आपलं काम करायला शिकवायचं. माझा थोरला भाऊ तय्यबभाई एका कंपनीत क्लार्क. तो लोकांना सांगायचा, "बहीण मालिशचं काम करते." त्याला सुधारायचं मी कधीच सोडून दिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार!

तिकीट काढलं हारुनसेठनी. रत्नागिरीकडच्या आमच्या जमातीचे ते अध्यक्ष, कापडाचे मोठे व्यापारी. तिकीट त्यांचं, म्हणून परिषदही त्यांचीच. दुकानात येईल त्याला सांगायचे, "आपण लंडनला डेलिगेट पाठवतोय." त्यांचा मुलगा रफिक लंडनमध्ये शिकत होता आणि त्याला सुके बोंबील मिळत नव्हते, हा भाग ते सांगत नसत.

मला तिथे वलीचा हात दाखवायचा होता.

वली श्रीवर्धनचा सुतार, अजमानला किनाऱ्यावर गलबतं बांधायच्या कामावर. करवतीत उजव्या हाताची तीन बोटं गेली. उरला अंगठा आणि करंगळी. जखम भरली, पण जेवणाचं काय? आमच्यात चारपाच जणांत एक मोठा थाळा असतो, सगळे त्याच्याभोवती बसतात, आपापल्या बाजूनं खातात. त्यात डावा हात घालायचा नाही. चमचा घेतला तर पोरं हसली. म्हणून वली वर्षभर शेडच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून जेवला.

वली आणि मी मिळून त्याच्यासाठी लाकडी हात केला. तळव्यात बसेल असा सागवानाचा तुकडा, मनगटाला चामड्याचा पट्टा, पितळेचं बक्कल. अंगठ्याला टेकायला काहीतरी मिळालं आणि चिमूट जमली. महिनोन् महिने घासला तेव्हा तो त्याच्या तळव्यात बरोबर बसला. पहिला घास तोंडापर्यंत गेला त्या दिवशी वली रडला नाही, मीच रडले.

बोलावणं उशिरा आलं, दुसरा हात करायला वेळ नव्हता. वलीनं स्वतःच पट्टा सोडला. "घेऊन जा, बिलकीसबी. तुम्ही येईपर्यंत भिंत आहेच."

मी तो माझ्या साड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवला. मंचावर मला दहा मिनिटं मिळणार होती. खोटं कशाला बोलू, मी आरशासमोर उभी राहून ते भाषण पाठ करत होते. आयुष्यात एवढं काही हवंसं वाटलं नव्हतं.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, सेठनी आमच्याच घरी दावत ठेवली. खर्च त्यांचा, राबायचं आम्ही. अंगणात लाकडांवर पुलावाची देग चढली. बाहेरच्या खोलीत पुरुष, पडद्याआड आम्ही बायका. सेठनी भाषण ठोकलं. जमातीची इज्जत, कौमची तरक्की, आणि त्यात स्वतःचं नाव इतक्या वेळा घेतलं की लंडनला तेच निघालेत असं वाटावं.

शेवटी म्हणाले, "बिलकीस, वो हाथ तरी दाखव सगळ्यांना. वली, आगे आ."

तय्यबभाईनं बॅग आणून मधोमध उघडली. खोलीभर बोंबलांचा वास सुटला. बोंबील, सोडे, आमसुलं, लोणच्याची बरणी, फेण्यांचा डबा, कुणाच्या तरी जावयाची लुंगी. माझ्या दोन साड्या तळाशी चेपलेल्या. पडद्याच्या फटीतून मी बघितलं, हात नव्हता.

"भाबी, यातलं लाकूड कुठाय?" मी ओरडलेच.

तय्यबभाईची बायको झुबेदा पडद्यामागून निवांतपणे म्हणाली, "ते मोडकं फळकूट आणि पट्टा? अगं, वजन होत होतं. लंडनला लाकूड मिळत नाही काय? मी सरपणात टाकलं."

मी अंगणात धावले. देगीखाली उलथनं घालून राख उकरली. हाताला लागलं ते बक्कल, काळं पडलेलं आणि कढत. ते तसंच मुठीत धरून मी आत आले.

मला वाटलं, निदान आता कुणी गप्प तरी होईल. सेठ म्हणाले, "लकडी ही तो है, हबीबी! दुसरा बनव. फ्लाइट संडेला आहे ना? यल्ला, खाना निकालो, थंड होतोय."

आणि खाना निघाला! थाळे मांडले गेले, माणसं बसली, पुलावाची तारीफ सुरू झाली. ज्या जाळावर वलीचा हात जळला त्याच जाळावरचं मटण मऊ झालं म्हणून बोटं चाटत होते. अशा लोकांची मला शिसारी आली. तय्यबभाई दिलदारपणे म्हणाला, "बैस रे वली, तुला चमचा देतो." वलीनं चपला घातल्या आणि तो निघून गेला.

मग मी पडदा बाजूला सारून पुरुषांच्या खोलीत गेले. बॅगेतलं एकेक पुडकं उचललं आणि ज्याचं त्याच्या पुढ्यात ठेवलं. तुमची आमसुलं. तुमच्या जावयाची लुंगी. बोंबलांचं बोचकं सेठच्या थाळ्याशेजारी ठेवलं.

"अरे, ये तो रफिकचे आहेत!"

"त्याच्या वडलांकडे पोचले," मी म्हटलं.

आत झुबेदाभाबी इज्जत गेली म्हणून रडायला लागली. तिची इज्जत बोचक्यात होती हे मला आधी माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेअरच्या लँडरोव्हरमधून वाळूतून हादरे खात मी अजमानला गेले. वलीला म्हटलं, नवा हात करू. त्यानं आपला पंजा पुढे धरला आणि विचारलं, "करू कशानं?" पहिला हात त्यानं डाव्या हातानं सावकाश, महिनोन् महिने तासला होता; आता तेवढा वेळ नव्हता. आता मीच रंधा धरला. दोन तुकडे फुकट घालवले. तिसरा तळव्याला काचायचा. रविवार उजाडला तेव्हा वली म्हणाला, "जा तुम्ही. आल्यावर करू."

जाता आलं असतं. फोटो होते, भाषण तोंडपाठ होतं. पण मंचावर उभी राहून मी ज्या हाताचं कौतुक सांगणार, तो राख झालेला आणि त्याचा धनी भिंतीकडे तोंड करून बसलेला. तसलं कौतुक सेठना शोभतं. मी रंधा उचलला. दुपारी विमान डोक्यावरून गेलं तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही. वलीनं वर बघितलं नाही, बिचाऱ्यानं.

पण दुबईचा डेलिगेट लंडनला पोचलाच. सेठनी ओळखी लावून तिकीट फिरवलं आणि माझ्या जागी तय्यबभाईला बसवलं. बोंबलांसकट.

तो परत आला तो छातीवर परिषदेचा बिल्ला लावून. पुन्हा दावत. या वेळी फोटोवालासुद्धा बोलावलेला. वलीला मीच आग्रह करून आणलं. नवा हात आता त्याच्या तळव्यात नीट बसला होता. वली तय्यबभाईच्याच थाळ्यावर जेवायला बसला.

"परिषदेत काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"फर्स्ट क्लास!" तय्यबभाई म्हणाला. "मी फ्रंट रोमध्ये. सगळे आपापल्या पेशंटचे फोटो दाखवत होते. मी टी-ब्रेकला फेण्या वाटल्या. सगळ्यांनी थँक यू म्हटलं."

"माशाल्ला," सेठ म्हणाले. "आता एक फोटो होऊ दे. जमातीच्या हॉलमध्ये लावू. तय्यब, बिल्ला नीट कर. वलीचा हात पकड आणि वर धर."

तय्यबभाईनं वलीचं मनगट धरलं. मी पडद्याआडून बघत होते. फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

वलीनं मनगट सोडवून घेतलं. आवाज न चढवता म्हणाला, "थांबा सेठ. हात जेवतोय."

आणि अंगठ्यानं भात दाबून त्यानं घास घेतला. मग दुसरा. मग हाडाभोवतीचं मटण सावकाश सोडवून खाल्लं. तय्यबभाई बिल्ला सरळ करून ताटकळत बसला. वली पोट भरेपर्यंत जेवला, आणि फोटोवाला उभाच राहिला.