वीस अंश डावीकडे, वीस अंश उजवीकडे

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी मल्हाररावांनी जिप्सीची किल्ली फ्रिजवर ठेवली आणि मुलीला, अवंतिकाला सांगितलं, "ही आता तुझ्याजवळच असू दे."

तासाभरापूर्वी पाटणकर बाजाराच्या वळणावर त्यांच्या हातून गाडी वेळेवर सरळ झाली नव्हती आणि पेरूच्या हातगाडीला घासली होती. दहा-बारा पेरू रस्त्यावर पडले. कुणाला लागलं नाही. पेरूवाला भांडलाही नाही. "हो जाता है बाऊजी, उमर है," एवढंच म्हणाला. शेजारी बसलेली अवंतिका मात्र चिडून बोलली होती, "बाबा, आता राहू द्या. मी चालवते."

मल्हारराव एकाहत्तर वर्षांचे. पाटबंधारे खात्याची जीप त्यांनी एकतीस वर्षं चालवली. त्या काळात त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी ही जुनी जिप्सी घेतली. सोमवार ते शनिवार अवंतिका ती कामाला न्यायची. रविवारी ते स्वतः बायकोला, उषाताईंना घेऊन तिघऱ्याच्या धरणापर्यंत जाऊन यायचे. पुढच्या रविवारी ते कुठेच गेले नाहीत. पेपर वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले.

अवंतिका सर्व्हेचं काम करते. चंबळच्या बीहडात, तिथल्या दऱ्याघळींत, जमिनी मोजायच्या असतात, आणि तिथे गाडीचं पोट दगडांवर आपटायचं. म्हणून डिसेंबरात तिने जिप्सी दोन इंच उचलून घेतली होती. पाटे जिथे टांगलेले असतात तिथले शॅकल लांब बसवले, टायर मोठे टाकले. मग शहरातल्या एका दुकानात चाकांची अलाइनमेंट करून घेतली. मशिनमधून छापील कागद निघाला, त्यावरचे सगळे आकडे हिरवे. तो कागद तिने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना दाखवला होता.

सोमवारी ती झांसी रोडने डबऱ्याकडे निघाली. बीहडात गाडी पंचविसाच्या वर कधी जात नाही. आज रिकामा रस्ता होता आणि काटा साठावर. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण सारखे हात हलवतोय. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. पुढच्या वळणावर तिने स्टिअरिंग मुद्दाम सैल सोडलं. ते परत आलं नाही. वळलेलं तसंच राहिलं.

तिने गाडी कडेला घेतली. पेरूच्या हातगाडीचं वळण तिला आठवलं. मग काम सोडून परत फिरली आणि वाटेतल्या दिग्विजयसिंहाच्या दुकानात शिरली.

दिग्विजयसिंह ट्रक आणि जीपच्या अलाइनमेंटसाठी त्या रस्त्यावर ओळखला जातो. त्याने हिरवा कागद उलटसुलट पाहिला.

"टो ठीक है, पहियों का मुँह सीधा है. कॅस्टर किसी ने छुआ ही नहीं."

त्याने भिंतीला टेकवलेली सायकल दाखवली. तिचा पुढचा दांडा जसा मागे कललेला असतो, तसंच गाडीचं पुढचं चाक ज्यावर फिरतं तो आसही मागे कललेला असतो. तो कल म्हणजे कॅस्टर. त्यामुळे वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. लांब शॅकलमुळे आस पुढे फिरला आणि कल गेला. तो परत आणायला या गाडीत बोल्ट नाही. पाट्याखाली लोखंडी पाचर बसवावी लागते. एवढी खटपट कोण करतो.

"गाड़ी रोज कौन चलाता है?" त्याने विचारलं. "नापते वक्त उसी को बैठाना है. वजन उसी का चाहिए."

रोज तीच चालवायची. अवंतिका म्हणाली, "पिताजी."

घरी मल्हारराव तयार होईनात.

"मी कशाला? वजनच हवंय ना, सीटवर सत्तर किलो गहू टाक."

"गव्हाला स्टिअरिंग फिरवता येत नाही, बाबा."

"मग तू बस."

"मी पंचावन्न किलोची."

"जा हो," आतून उषाताई म्हणाल्या. "आठवडाभर माझ्या डोक्यावर बसलात, दोन तास गाडीत बसा."

ते गेले, पण किल्ली हातात घेतली नाही. अवंतिकाच्या शेजारी, डाव्या सीटवर बसून गेले.

दुकानात जिप्सीची पुढची चाकं दोन फिरत्या तबकड्यांवर चढवली. मल्हारराव ड्रायव्हरच्या जागी बसले. समोरच्या भिंतीवर पडदा होता, त्यावर अंशांचा काटा आणि आकडे.

"बाऊजी, धीरे-धीरे बाएँ. बीस पे रुकना."

काटा सरकला आणि वीसवर थांबला. दशांश चिन्हापुढे शून्य.

"अब दाएँ. बीस."

पुन्हा वीस, पुन्हा शून्य.

दिग्विजयसिंहाने पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "एक बार और, बाऊजी."

मल्हाररावांना वाटलं काहीतरी चुकलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुन्हा फिरवलं. वीस. वीस.

"चुकलं का काही?" त्यांनी अवंतिकाला विचारलं. उत्तर दिग्विजयसिंहानेच दिलं.

"गलत कुछ नहीं. मैंने मजे के लिए करवाया. लोग बाईस-तेईस पे निकल जाते हैं, चार-चार बार करवाना पड़ता है. आपका हाथ नहीं हिलता."

पडद्यावर कॅस्टर आला होता. डावीकडे शून्य पूर्णांक आठ, उजवीकडे शून्य पूर्णांक सहा. हवा होता साडेतीन.

"यह देखिए. आपने मोड़ के बाद छोड़ा होगा, इसने लौटाया ही नहीं."

मल्हाररावांनी ते आकडे पुन्हा एकदा वाचले. गाडी खड्ड्यावर घेतली तेव्हा बापलेक बाहेर बाकावर येऊन बसले. चहा आला.

"तुम्हाला कळलं नव्हतं, बाबा?"

"गाडी उंच केल्यावर पहिल्याच रविवारी कळलं. वळणावर हात सैल सोडला तर ती तशीच चालत राहिली."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या कागदावर सगळं हिरवं होतं. गाडी नव्या कपड्यात, मी एकाहत्तरचा. शक कुणावर घेणार?"

अवंतिका ग्लासातल्या चहाकडे बघत म्हणाली, "आणि मी म्हणाले, राहू द्या."

"म्हणालीस," मल्हारराव म्हणाले. मग तिच्या हातावर आपल्यातलं एक बिस्किट ठेवलं. "मीही तेच म्हणत होतो. मनात."

पाचरी बसवायला अडीच तास लागले. पुन्हा मोजणी झाली, पुन्हा वीस डावीकडे, वीस उजवीकडे. कॅस्टर आला तीन पूर्णांक चार आणि तीन पूर्णांक तीन. दिग्विजयसिंहाने स्टिअरिंग बरोबर मध्यावर आणून दिलं.

अवंतिकाने किल्ली पुढे केली. त्यांनी लगेच घेतली नाही.

"आधी तू चालवून बघ."

"मी बघून काय कळणार? मला तर बिघडलेलीही कळली नव्हती."

ते बसले. दुकानातून बाहेर पडताना डावीकडे वळले आणि वळणाच्या शेवटी दोन्ही तळहात किंचित उघडले. स्टिअरिंग त्यांच्या हातांमधून फिरत आपल्या जागी आलं. पुढच्या गल्लीत गरज नसताना वळले, आणि त्याच्या पुढच्याही.

"एक गोष्ट आहे," थोड्या वेळाने ते म्हणाले. "अंधारात समोरचे दिवे आता मला फुटून दिसतात. ते शॅकलमुळे नाही."

"बरं."

"तेव्हा उजेड आहे तोवर मी. दिवे लागले की तू. हटकायचं नाही, मी स्वतः थांबवीन."

"ठरलं."

"किती वाजले?"

"चार वीस."

"म्हणजे दीड तास आहे. आईला फोन लाव, म्हणावं स्वेटर घालून खाली ये."

तिने लावला. उषाताईंनी पहिलं विचारलं, "गाडी कोण चालवतंय?"

"बाबा."

"मग दहा मिनिटं थांबा म्हणावं," उषाताई म्हणाल्या. "केस विंचरून येते."