घोडीने खाल्लेली खिचडी

गाझियाबादच्या बाहेर नव्या सोसायट्या भराभर उभ्या राहत होत्या, तेव्हाची गोष्ट. विनया दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून तिथल्या फ्लॅटमध्ये राहायला आली आणि पहिल्याच हिवाळ्यात तिला कळलं, की आपली बिल्डिंग ज्यांनी बांधली ते मजूर नाल्यावरच्या पुलाखाली झोपतात. काम संपताच ठेकेदाराने त्यांच्या झोपड्या मोडल्या होत्या. मग दर रविवारी ती त्यांच्यासाठी खिचडी रांधू लागली. डाळ-तांदूळ सोसायटीतून गोळा व्हायचे आणि शेजारच्या अलकनंदाची स्कूटर वाहतुकीला असायची.

डिसेंबरातल्या त्या रविवारी दोघी निघाल्या. अलकनंदा पुढे, मागे मांडीवर भलंमोठं पातेलं सांभाळत विनया. वळणावर समोरून वरात आली. बँड, भांगडा, घोडीवर फुलांच्या मुंडावळ्यांत तोंड झाकलेला नवरदेव. अलकनंदाने करकचून ब्रेक दाबला. पातेल्याचं झाकण उडालं, आणि घोडीने शांतपणे मान वाकवून खिचडीत तोंड घातलं.

"ए! हट! अगं हाकल ना हिला!"

"मी कशी हाकलू? वर नवरा बसलाय!"

नवरदेवाला काही दिसेना. तो विचारत राहिला, "क्या हुआ? क्यों रुके?" बँडवाले वाजवतच होते. घोडीने तुपाच्या वासावर जी तंद्री लावली, ती पातेल्याचा तळ दिसेपर्यंत मोडली नाही. विनयाला रडू यायला हवं होतं, तिकडे माणसं वाट बघत होती. पण अलकनंदा फिसकन हसली आणि मग दोघींना हसू आवरेना.

नवरीचे वडील चोप्रासाहेब वरातीच्या स्वागताला समोरच्याच मंडपाच्या दाराशी उभे होते. ते धावत आले. खिचडी कोणाची होती हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "बहनजी, मेरी बेटी की शादी में किसी का खाना छिन जाए? सबको यहीं बुलाओ!"

"सब मतलब... बहुत लोग हैं," विनया चाचरली.

"तो बैंड भी ले जाओ!"

नवरदेव उतरताच रिकामी घोडी आणि बँड पुलाकडे निघाले. लहान मुलं आधी बिचकली, मग ढोलापुढे नाचायला लागली. अंगूरी नावाच्या म्हातारीला चालवत नव्हतं. घोडीवाल्याने तिला अलगद वर बसवलं. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांना हात हलवत मंडपापर्यंत आली. नवरदेवापेक्षा तिलाच जास्त टाळ्या पडल्या.

छोले-भटुरे, गाजर हलवा, गरम जिलब्या. पंगतीत वाढता वाढता विनयाच्या कानावर तंबूवाल्या गुलाटीचं गाऱ्हाणं पडलं. उद्यापासून खरमास, म्हणजे आपला धनुर्मास. महिनाभर लग्न नाही, बुकिंग नाही. गाद्या-रजया गोदामात पडून राहणार.

विनयाच्या तोंडात जिलबी होती. ती तशीच गिळून ती म्हणाली, "भैया, पडी क्यों रहें? ठंड तो अब शुरू होगी! पुल के पास तंबू लगा दो ना!"

"और मैली हो गईं तो?"

"हमारी सोसायटी धोएगी."

"सोसायटी?" अलकनंदा मराठीत किंचाळली. "अगं, कोण धुणारे?"

"तू आणि मी. चल, हो म्हण!"

गुलाटी मान हलवत होता. तेवढ्यात चोप्रासाहेबांनी मागून त्याला मिठीच मारली. "आज मुझे कोई ना नहीं बोलेगा!" गुलाटी त्या मिठीत हसला आणि फसला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसहून परतताना विनया थेट पुलाकडे गेली. नाल्याकाठी लालपिवळा शामियाना उभा होता, बाजूंनी कनाती ओढलेल्या, आत गाद्यांवर मुलं कोलांट्या मारत होती. अंगूरी रजईत गुरफटून हुकूम सोडत होती, कोणी कुठे झोपायचं. सोसायटीतल्या ज्या बायकांनी डाळ-तांदळासाठी कधी दारही उघडलं नव्हतं, त्या आज चहाची किटली घेऊन आल्या होत्या.

"खरमास संपल्यावर काय गं?" अलकनंदाने विचारलं.

"तोवर सोसायटीचा हॉल मिळवू," विनया म्हणाली. तो कसा मिळवायचा, याची तिला तसूभरही कल्पना नव्हती. पण कालच्या ढोलाचा ताल अजून पायांत होता; चप्पल काढून तीही गादीवर चढली आणि एक उडी मारलीच.